चेहऱ्याचा जग : पुराणकथांतले इंग्लिश कॅरेक्टर जग जमवायला सुरुवात करताना

सासूबाई पहिल्यांदा बर्मिंगहॅमला आल्या तेव्हा आमच्या दिवाणखान्यातल्या फळीसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग चष्मा सारखा करत म्हणाल्या, "अगं, शंकराजवळ मासा कुठून आला?" त्या ज्याला शंकर समजल्या तो होता नेपच्यून, रोमन लोकांचा समुद्रदेव. त्रिशूळ आणि दाढी बघून त्यांची गफलत झाली. मी समजावून सांगितल्यावर "म्हणजे आपला वरुण," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला, आणि त्या वर्षी नारळी पौर्णिमेला नारळीभाताची पहिली वाटी त्याच्यापुढे ठेवली.

तो नेपच्यून म्हणजे चिनी मातीचा एक जग. पाण्याचा जग असतो ना, तसाच. फक्त याचं सगळं अंग म्हणजे एक चेहरा. त्याला बघून दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं की हे कुठे मिळतात, केवढ्याला पडतात, खरा कसा ओळखायचा. कुणी इथे नव्याने आलेलं असतं, कुणाचा मुलगा लेस्टरला शिकत असतो, कुणाला पुण्याच्या जुन्या बाजारात असलंच काहीतरी दिसलेलं असतं. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. (मराठीत हा 'जग' आणि ते 'जग' एकच लिहावं लागतं, त्याला माझा इलाज नाही. संदर्भाने समजून घ्या.)

आधी, ही वस्तू आहे तरी काय

इंग्लंडच्या मध्यभागी स्टॅफर्डशायरमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट नावाचं शहर आहे. सहा गावं मिळून झालेलं, कुंभारकामावर जगलेलं. इथे अठराव्या शतकात 'टोबी जग' निघाले : तिकोनी हॅट घातलेला, हातात बिअरचा पेला घेऊन बसलेला गलेलठ्ठ माणूस. त्याच्या हॅटचा कोपरा म्हणजे ओतायची चोच. टोबीमध्ये बहुधा अख्खा माणूस असतो. कॅरेक्टर जगमध्ये फक्त डोकं, फार तर खांदे. हा फरक पहिल्या दिवशीच पक्का करा, कारण विकणारे दोन्हींना बिनदिक्कत 'टोबी' म्हणतात.

कॅरेक्टर जग म्हटलं की पहिलं नाव येतं रॉयल डल्टनचं. ही कंपनी १८१५ साली लंडनच्या लॅम्बेथ भागात सुरू झाली. तिचा मोठा जम बसला तो सांडपाण्याच्या पाइपांवर. समुद्रदेवाचं माहेर गटाराच्या पाइपात आहे हे मला फार आवडतं. पुढे कंपनी स्टोकमधल्या बर्स्लेम गावीही आली आणि १९०१ साली सातव्या एडवर्ड राजाने तिला 'रॉयल' शब्द वापरायची मुभा दिली. तिथला मुख्य कलाकार चार्ल्स नोक याने १९३४ साली पहिला कॅरेक्टर जग काढला, 'जॉन बार्लीकॉर्न'. हा काही खरा माणूस नव्हे. इंग्रजी लोकगीतांत बार्लीच्या दाण्यालाच माणूस कल्पून हे नाव दिलंय : त्याला कापतात, झोडपतात, भरडतात, आणि तो बिअर होऊन परत येतो. म्हणजे या सगळ्या घराण्याचा मूळपुरुषच दंतकथेतला. नंतर डिकन्सची पात्रं, दरोडेखोर, सेनापती, नट असे शेकड्यांनी जग निघाले. मी मात्र देव, दैत्य, जादूगार आणि दंतकथांतले वीर यांच्यापुरतीच राहिले. तुम्हीही सुरुवातीला अशी एखादी लक्ष्मणरेषा आखून घ्या, नाहीतर वर्षभरात घरात भांड्यांचं दुकान होतं.

आता मंडळींची ओळख

कॅरेक्टर जगची गोष्ट चेहऱ्यात कमी आणि हँडलमध्ये जास्त असते. चेहरा सांगतो, म्हातारा आहे. हँडल सांगतं, कोण आहे. दाढीवाले म्हातारे पैशाला पासरी. नेपच्यूनच्या पाठीमागे त्रिशूळ आणि मासा आहे म्हणून तो नेपच्यून. मर्लिन हा आर्थर राजाच्या दरबारातला जादूगार, त्याच्या हँडलवर घुबड. (आपल्याकडे घुबड अशुभ, तरी ते लक्ष्मीचं वाहन; तिकडे ते शहाणपणाचं. पाहुण्यांना हे एकदा सांगून टाकावं लागतं.) द्राक्षं आणि दारूचा देव बॅकस, त्याचं हँडल म्हणजे पिळवटलेली द्राक्षवेल. व्हायकिंग म्हणजे उत्तर युरोपातले जुने दर्यावर्दी; त्याच्या मागे त्यांच्या लांब होडीचं नाळेचं टोक. संत जॉर्जच्या मागे त्याने मारलेला ड्रॅगन. हॅमेलिन गावचे उंदीर बासरीवर नाचवत नेणारा पुंगीवाला, त्याच्या हँडलवर बासरी आणि उंदीर.

यांतले नेपच्यून, बॅकस, व्हायकिंग आणि संत जॉर्ज एकाच माणसाच्या हातचे : मॅक्स हेंक. मर्लिन गॅरी शार्पचा. चारपाच जग शेजारी ठेवले की हेंकचा हात ओळखू यायला लागतो. त्याच्या दाढ्या नुसत्या लोंबत नाहीत, वाहतात.

आता एक छोटं गणित, कारण किमतीचं निम्मं कोडं त्यात सुटतं. कुठला जग किती वर्षं बनत होता ते बघा. बॅकस १९५९ ते १९९१. नेपच्यून १९६१ ते १९९१. मर्लिन १९६० ते १९९८. म्हणजे तीस-तीस, अडतीस वर्षं हे कारखान्यातून निघतच होते. आज ते ढिगाने मिळतात, आणि 'दुर्मीळ' अशी चिठ्ठी लावून कुणी विकत असेल तर हसून पुढे जा. व्हायकिंग मात्र १९५९ ते १९७५ आणि संत जॉर्ज १९६८ ते १९७५, जेमतेम सात वर्षं. त्यामुळे संत जॉर्ज शोधावा लागतो.

आणि मग मेफिस्टोफेलिस. सैतानाला आत्मा विकणाऱ्या फाउस्टच्या जर्मन कथेतला हा सैतान १९३७ ते १९४८ या काळात निघाला, अर्धी वर्षं महायुद्धात गेलेली. दोन तोंडांचा जग : एका बाजूने हसरा, फिरवला की पडलेला चेहरा. काहींच्या बुडाशी एक जुना इंग्रजी चुटका लिहिलेला असतो. सैतान आजारी पडला तेव्हा साधू व्हायला निघाला. बरा झाला, आणि साधूपण विसरला. आपलं 'गरज सरो, वैद्य मरो'. मी हा एकदाच हातात धरलाय, एका लिलावाआधीच्या प्रदर्शनात, आणि दोन्ही हातांनी धरलाय. पहिला जग म्हणून याच्या नादी लागू नका.

१९८०च्या दशकात दोन तोंडांच्या जोड्याही निघाल्या : बायबलमधले सॅमसन आणि डेलायला १९८८ साली, आर्थर राजा आणि त्याची राणी गिनेव्हिअर १९८९ साली, प्रत्येकी ९,५०० नग. दिसायला भरगच्च. मला त्या जरा नाटकी वाटतात, पण हे माझं मत झालं.

माप ठरवा

साधारण चार मापं : मोठा (१३ ते १९ सेंटिमीटर), लहान (८ ते १०), मिनिएचर (सुमारे ६) आणि टायनी (३ च्या आसपास). नवखे लोक हमखास मिनिएचरपासून सुरू करतात, कारण स्वस्त आणि जागा कमी. मी उलटं सांगेन. मिनिएचरमध्ये घुबडाचं पीस दिसत नाही, माशाचा खवला दिसत नाही, आणि सगळी गंमत तर तिथेच. पहिला जग 'लहान' मापाचा घ्या, तळहातावर नीट बसणारा. बॅकस किंवा मर्लिन घेतलात तर चूक झाली तरी स्वस्तात शिकाल.

जग उलटा करा

दुकानात जग दिसला की चेहऱ्यावर भाळण्याआधी तो पालथा करा. आधी आत हात घालून बघा, लोक त्यात पेन्सिली, किल्ल्या, एकदा तर मला अर्धी चावलेली च्युइंगगम सापडली होती.

बुडाशी ठसा असतो : मुकुटावर उभा सिंह, खाली एकमेकांत गुंफलेले चार 'डी', त्याभोवती कंपनीचं नाव आणि 'मेड इन इंग्लंड'. शेजारी जगाचं नाव आणि 'डी'ने सुरू होणारा नंबर. मोठा नेपच्यून डी ६५४८, लहान डी ६५५२, मिनिएचर डी ६५५५. मर्लिन त्याच क्रमाने डी ६५२९, डी ६५३६ आणि डी ६५४३. हे नंबर फोनमध्ये लिहून ठेवा. नाव आणि नंबर जुळले नाहीत तर काहीतरी पाणी मुरतंय.

ठशात बहुतेक वेळा एक साल असतं आणि तिथे दहातले नऊ जण फसतात. ते साल जग बनल्याचं नव्हे, त्या नमुन्याच्या हक्काची नोंद झाल्याचं. नेपच्यूनवर १९६० दिसलं म्हणून तो १९६० चा होत नाही. तो १९८५ मध्येही बनलेला असू शकतो. विकणारा "साठ वर्षं जुना आहे हो" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलतोच असं नाही, त्यालाही बिचाऱ्याला ठाऊक नसतं.

जुन्या जगांवर मात्र एक छान खूण सापडते. सिंह-मुकुटाच्या उजवीकडे एखादा छोटा आकडा असेल तर त्यात १९२७ मिळवा. १० म्हणजे १९३७, १३ म्हणजे १९४०. आणि ठशाजवळ सुटं इंग्रजी 'ए' अक्षर असेल तर जग साधारण १९३९ ते १९५५ या काळातला. ही कारखान्यातली आपसातली खूण होती, पण संग्राहकांना वरदान ठरली. नेपच्यून, बॅकस वगैरे नंतरचे असल्याने त्यांच्यावर ती शोधू नका.

अजून एक. ठशावर मधोमध एक ओरखडा मारलेला किंवा बारीक भोक पाडलेलं दिसलं तर तो 'सेकंड', म्हणजे कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला माल. रंग सांडलेला, कुठे फुगा आलेला. तो खोटा नसतो. पण किंमत सेकंडचीच द्यायची.

हात लावा, आतून बघा

हा भाग सावकाश वाचा, कारण पैसे इथेच वाचतात.

जग कसा बनतो हे कळलं की तो तपासायचा कसा हेही आपोआप कळतं. शिल्पकार मूळ चेहरा घडवतो, त्यावरून प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे काढतात. साच्यात मातीची पातळ रबडी ओततात. प्लास्टर पाणी पितं, कडेने मातीचा थर धरत जातो. पुरेसा जाड झाला की उरलेली रबडी ओतून टाकतात. म्हणून जग आतून पोकळ असतो आणि आतही चेहराच असतो, उलटा. बोट घालून बघा : नाकाच्या जागी खड्डा लागतो. हँडल बहुधा वेगळ्या साच्यात काढून ओल्या मातीने चिकटवतात. मग शिवणी घासून भट्टी, हाताने रंग, वर काचेसारखा चकचकीत लेप आणि पुन्हा भट्टी. स्टोकमध्ये लाँगटनला ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियम आहे, तिथे जुन्या बाटलीच्या आकाराच्या भट्ट्यांच्या आत उभं राहता येतं. बर्स्लेमचा डल्टनचा नाइल स्ट्रीट कारखाना २००५ साली बंद पडला, तो आता बघायला मिळत नाही. पण ही भट्टी आतून एकदा बघाच. मान वर करून तो धुराड्याचा गोल बघताना प्रत्येक जगामागे किती जणांचे हात लागले असतील ते जाणवतं.

आता तपासणी. यावरूनच कळतं की कमकुवत जागा कुठल्या : चिकटवलेलं हँडल आणि बाहेर डोकावणारं जे जे टोक असेल ते. नेपच्यूनच्या त्रिशूळाची टोकं, मर्लिनच्या घुबडाची चोच, ड्रॅगनचं नाक, बॅकसच्या डोक्यावरच्या द्राक्षपानांच्या कडा, आणि प्रत्येक जगाचं नाक. या जागांवरून बोटाचं टोक हळूच फिरवा. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळतं. टवका उडालेला असेल तर खरबरीत लागतं. टवका भरून रंगवलेला असेल तर तिथे जरा गुळगुळीत, जरा मऊ, जरा कोमट लागतं. भट्टीतला लेप काचेसारखा थंड असतो, डागडुजीचा रंग प्लास्टिकसारखा.

माझं शिक्षण अशाच एका मर्लिनने केलं. ऑनलाइन घेतला होता, फोटोत देखणा, 'उत्तम स्थिती' असं लिहिलेलं. घरी आला, घुबडावरून बोट फिरवलं आणि चोच मऊ लागली. रात्री दिवे मालवून अतिनील टॉर्च मारला तर सगळं घुबड नेहमीसारखं अंधुक, चोच तेवढी दुधासारखी पांढरी उजळली. नंतर कुणीतरी भरून रंगवलेली. विकणाऱ्याने तीन मेलनंतर निम्मे पैसे परत दिले. तो मर्लिन अजून माझ्याकडे आहे, आणि कुणी शिकायला आलं की मी त्याच्यावरच टॉर्च मारून दाखवते. हा टॉर्च नोटा तपासायला वापरतात तसलाच, फार महाग नसतो. जुना लेप आणि नवं भरण त्याच्या उजेडात बहुधा वेगळं चमकतं. फक्त अंधार हवा, भर दुपारी दुकानात त्याचा उपयोग नाही.

साधा टॉर्चही हवाच. आतून आणि बाहेरून, तिरपा धरून. बारीक तडा केसासारखा दिसतो. इथे दोन गोष्टींची गल्लत करू नका. लेपावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघांचं जाळं असेल तर ते फक्त वरच्या लेपाचं भेगाळणं. जुन्या जगात ते चालतं, मला तर सुरकुत्यांसारखं शोभून दिसतं. पण एकच रेघ कडेपासून निघून आत आणि बाहेर, दोन्हीकडे एकाच जागी दिसत असेल तर तो आरपार तडा. जाळ्याच्या रेघा तपकिरी झाल्या असतील तर त्या जगातून कुणीतरी वर्षानुवर्षं काहीतरी ओतलेलं आहे.

मग आवाज. जग डाव्या तळहातावर मोकळा ठेवा, मूठ आवळू नका, आणि नखाने कडेवर टिचकी मारा. मडकं घेताना आजी वाजवून बघायची तेच. धड जग खणखणीत नाही तरी स्वच्छ वाजतो. तडा असेल तर 'थप्' असा बसका आवाज येतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस काही जग नेहमीच्या मातीऐवजी जास्त कडक, पातळ चिनी मातीत काढले होते, ते हलके लागतात आणि जरा वरच्या सुरात वाजतात. हलका लागला म्हणून लगेच नकली ठरवू नका.

नकली ओळखायला मोजपट्टी बरी. ओली माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, साधारण दहा टक्के. कुणी तयार जगावरून साचा काढून नक्कल केली तर नक्कल मूळ जगापेक्षा तेवढी लहान निघते, आणि दाढीचे केस, खवले वगैरे बारकावे पुसट होतात, साबणाच्या वापरलेल्या वडीसारखे. मात्र जुन्या साच्यातून शेवटी शेवटी काढलेले खरे जगही जरा पुसटच असतात, तेव्हा दोन्ही खुणा एकत्र बघा. आणि 'जगात एकच असा रंग' म्हणून कुणी महागडा जग दाखवला तर पुन्हा बोट फिरवा. साध्या जगावरचा रंग बदलून दुर्मीळ बनवायचे उद्योग चालतात.

पैशांचं

विसाव्या शतकाच्या अखेरीस यांना फार भाव होता. कंपनीचा संग्राहक क्लब १९८० पासून होता, १९९१ पासून दर वर्षी 'वर्षाचा जग' निघायला लागला, आणि लोक डबे न उघडता माळ्यावर ठेवत की म्हातारपणी विकू. ते म्हातारपण आलं, सगळ्यांचं एकदमच आलं, आणि त्यांच्या मुलांना जग नको होते. भाव कोसळले. आज नेहमीचे लहान जग हॉटेलातल्या जेवणाच्या खर्चात येतात.

म्हणून गुंतवणूक हा शब्द काढायचाच नाही. मर्यादित नगांच्या जगासोबत येणारं प्रमाणपत्र आणि खोका छान दिसतो, पण ९,५०० लोकांनी तो खोका जपून ठेवलाय. आवडतो म्हणून घ्या.

किंमत पारखायची असेल तर मागितलेल्या किमती बघू नका, विकल्या गेलेल्या बघा. ऑनलाइन लिलावाच्या साइटवर 'विकलेले' असं गाळून बघता येतं. मागायला कुणी काहीही मागतं.

कुठे शोधायचे

ब्रिटनमध्ये असाल तर रविवारचे कार-बूट सेल : मैदानात लोक गाडीच्या डिक्कीतून घरातलं जुनं विकतात. पहाटे जा. नाहीतर धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकानं. गावोगावच्या लिलावघरांत एकेका खोक्यात पाच-सहा जग एकत्र विकतात, आणि त्या ढिगात एखादा व्हायकिंग निघतो. लिलावात एक लक्षात ठेवा : हातोडा पडलेल्या किमतीवर लिलावघराचं कमिशन चढतं, बऱ्याच ठिकाणी २० टक्क्यांहून जास्त, वर त्या कमिशनवर कर. बोली लावण्याआधीच हा हिशेब करा. माझ्या पहिल्या लिलावात मी केला नव्हता.

मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, इथे मी सुट्टीत जाते ते मुख्यतः गंमत म्हणून. तिथे चेहऱ्याचे जग दिसतात, पण बरेचसे जपानी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून असले छोटे टोबी खूप बाहेर गेले. काहींच्या बुडाशी 'मेड इन ऑक्युपाइड जपान' लिहिलेलं असतं, म्हणजे अमेरिकी अंमलाच्या काळातले. तेही जमवणारे आहेत. फक्त डल्टनची किंमत देऊ नका. ठसा नसला, नुसतं 'ओरिजिनल इंग्लिश पीस है' एवढंच असलं, तर चहा पिऊन परत या.

घरी आणल्यावर

त्यातून पाणी-सरबत पिऊ नका. जुन्या लेपांत आणि रंगांत शिसं असू शकतं. फुलं ठेवायची तर आत दुसरा पेला ठेवून.

धुताना सिंकमध्ये आधी जाड टॉवेल अंथरा. कोमट पाणी, दोन थेंब भांड्याचा साबण, मऊ ब्रश. दाढीच्या खाचांसाठी जुना शेव्हिंग ब्रश उत्तम. भिजत घालू नका, लेप भेगाळलेला असेल तर माती पाणी पिते आणि डाग कायमचे बसतात. डिशवॉशर तर नाहीच. पुसताना हँडलला धरून उचलायची सवय मोडा. जगाला हँडल असतं ते धरायलाच, हे खरं. पण हा जग एका हाताने बुडाशी आणि एका हाताने पाठीशी धरायचा, तान्ह्या बाळासारखा.

फळीवर ठेवताना चेहरा समोर आणि हँडल भिंतीकडे, असं सगळे करतात. थोडा तिरपा ठेवा, म्हणजे घुबड दिसेल, मासा दिसेल. हँडलवर प्राणी असलेलेच जग जमवायचे, हासुद्धा सुरुवातीला झकास नेम होतो : मासा, घुबड, ड्रॅगन, उंदीर. चार जगांत एक फळी भरते.

एक वही करा. डी नंबर, माप, कुठे घेतला, किती दिले, कुठे टवका. माझ्या वहीत पहिल्या नेपच्यूनपुढे 'पाऊस, छत्री विसरले' एवढंच लिहिलंय आणि किंमत लिहायची राहून गेलीय.

भारतात न्यायचा असेल तर

कुरियरने पाठवला तर कस्टम ड्युटी लागू शकते, आणि ती काढताना वस्तूच्या किमतीत पाठवण्याचा खर्च आणि विमाही धरतात. एका जगासाठी हे परवडत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याच्या सामानातून न्यावा.

जगाचं पोट मोज्यांनी भरा, फार ठासून नाही. हँडल आणि डोकं यांच्या मधल्या पोकळीत मऊ कापड सारा, कारण दणका बसला की तुटतं ते तिथेच. मग बुडबुड्यांचा कागद तीन वेढे, खोका, त्या खोक्याभोवती कपडे आणि मग दुसरा खोका. चेक-इन बॅगेत मुळीच नको. केबिन बॅगेत, पायाशी. पावती वरच्या खिशात ठेवा. हीथ्रोला माझ्या बॅगेत एक्स-रेवर दाढीवालं डोकं दिसल्यावर तिथल्या बाईंनी बॅग उघडायला लावली, मोजे काढून नेपच्यूनकडे बघितलं आणि विचारलं, यात पाणी नाही ना? मी म्हटलं, नाही, मोजेच आहेत. ते परत भरायला मात्र दहा मिनिटं लागली, तेव्हा विमानतळावर जरा लवकरच जा.